गाणं चांगलं असूनही सापडत नाही? सोलापूरच्या स्वतंत्र कलाकारांनो, या चुका टाळा

आषाढीच्या चार दिवस आधी अभंग डिस्ट्रिब्युटरकडे (स्पॉटिफायसारख्या अ‍ॅप्सवर गाणं पोचवणाऱ्या कंपनीकडे) अपलोड करायचा आणि एकादशीला तो सगळीकडे वाजेल अशी आशा धरायची, ही आपल्या जिल्ह्यात सर्वांत महागात पडणारी चूक. एकादशीच्या सकाळी गाणं यूट्यूबवर असतं, स्पॉटिफायवर नसतं, आणि कव्हर नाकारल्याचा मेल स्पॅममध्ये पडून असतो. गाणं लागतं तेव्हा वारकरी परतीच्या एसटीत बसलेला असतो.

तारीख उलटी मोजा. पालख्या देहू-आळंदीहून एकादशीच्या साधारण अडीच आठवडे आधी निघतात आणि अभंगांची ओढ तेव्हापासूनच लागते. म्हणून प्रकाशन प्रस्थानाच्या आसपास ठेवा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं पाठवायचं, म्हणजे पिच करायचं, तर ते प्रकाशनाआधीच करता येतं. किमान ७ दिवस आधी पिच केलं तर गाणं फॉलोअर्सच्या रिलीज रडारमध्ये, म्हणजे नव्या गाण्यांच्या आपोआप बनणाऱ्या यादीतही जातं. पण पिच करण्यासाठी गाणं तिथं आधी पोचलेलं लागतं, त्यामुळे अपलोड आणि प्रकाशन यांत ४ आठवडे ठेवा. म्हणजे आषाढीचा अभंग एकादशीच्या जवळजवळ ७ आठवडे आधी तयार हवा. संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात भरणाऱ्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेचं, नंदीध्वजांचं गाणं असेल तर संक्रांतीच्या दोन आठवडे आधीचं प्रकाशन धरून नोव्हेंबरअखेर फाइल द्या.

पिचमध्ये ५०० अक्षरंच बसतात. ती ‘खूप मेहनतीनं केलेलं गाणं’ असं लिहिण्यात घालवू नका. भाषा, वाद्यं, कुठल्या प्रसंगाचं गाणं आणि तुम्ही ते कुठं वाजवणार आहात, एवढंच लिहा: ‘वारीच्या ठेक्यातला मराठी अभंग, पखवाज आणि अकॉस्टिक गिटार, या महिन्यात पंढरपूर आणि बार्शीत प्रत्यक्ष कार्यक्रम.’

नाव एक, स्पेलिंग चार

सोलापुरात मराठी, तेलुगू आणि कन्नड शेजारी शेजारी नांदतात, त्यामुळे एकच नाव इंग्रजीत तीन-चार प्रकारे लिहिलं जातं. श्रीकांत हेच पाहा. कुणी सुरुवात एस-एच-आर-आय अशी करतो, कुणी एस-आर-आय. शेवटी मराठी घरात नुसता टी, तर तेलुगू घरात टीएच. पहिलं गाणं एका स्पेलिंगनं आणि दुसरं दुसऱ्या स्पेलिंगनं गेलं की कलाकाराची दोन पानं तयार होतात, फॉलोअर्स विभागले जातात. स्पेलिंग बरोबर असूनही त्याच नावाच्या दुसऱ्या कलाकाराच्या पानावर गाणं जाऊन बसतं, तेही नेहमीचंच.

यावर उपाय सोपा आहे. एक स्पेलिंग पक्कं करून लिहून ठेवा. अपलोड करताना ‘नवा कलाकार’ न निवडता आपल्या जुन्या पानाची लिंक द्या. गाणं चुकीच्या पानावर गेलंच तर डिस्ट्रिब्युटरला दोन्ही पानांच्या लिंक पाठवून हलवायला सांगा. ते काढून पुन्हा अपलोड करण्याची घाई करू नका. डिस्ट्रिब्युटर बदलायचा असेल तर प्रत्येक गाण्याचा १२ अक्षरांचा आयएसआरसी कोड (त्या रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) जपून ठेवा आणि नव्या ठिकाणी तोच द्या. नवा कोड घेतला तर आजवरचे स्ट्रीम मागे राहतात आणि आकडा शून्यापासून सुरू होतो.

भाषेच्या रकान्यात मराठी निवडा, घाईत हिंदी राहू देऊ नका. गाण्याच्या नावात ‘नवीन मराठी गाणं’, ‘सुपरहिट’ असले शब्द घालू नका, त्यामुळे गाणं नाकारलं जातं. कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेल, चौरस. फ्लेक्स करणाऱ्याकडूनच कव्हर करून घेतलं तर हमखास खाली मोबाइल नंबर, इन्स्टाचं नाव आणि क्यूआर कोड येतो. या तिन्हींपैकी काहीही कव्हरवर चालत नाही.

शब्द तुकोबांचे, चाल कुणाची?

संतांचे शब्द सर्वांचे आहेत, पण ज्या चालीवर तुम्ही ते गाता ती एखाद्या संगीतकाराची असू शकते. भारतात लेखक-संगीतकाराचा हक्क त्याच्या हयातीनंतरही ६० वर्षं टिकतो. चित्रपटगीताच्या चालीवर नवे मराठी शब्द बसवले की यूट्यूबवर कंटेंट आयडीचा (हक्काचं संगीत आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेचा) दावा येतो आणि त्या व्हिडिओचं उत्पन्न हक्कदाराकडे वळतं. दावा आणि स्ट्राइक (कॉपीराइट भंगाबद्दलचा अधिकृत ठपका) यांत गल्लत करू नका. दाव्याचा परिणाम सहसा त्या एका व्हिडिओपुरता असतो, तर ९० दिवसांत तीन स्ट्राइक आले तर चॅनेलच जातं. चाल खरोखर तुमची असेल तरच दाव्याला हरकत घ्या.

बीट, म्हणजे गाण्यासाठीचं तयार संगीत, विकत घेतला असेल तर परवाना नीट वाचा. तोच बीट आणखी कुणालाही मिळू शकत असेल तर डिस्ट्रिब्युटरच्या फॉर्ममध्ये कंटेंट आयडीच्या चौकटीवर टिक करू नका, नाहीतर तुमच्या नावानं दुसऱ्याच्या गाण्यावर दावा जाईल. स्वतःचे शब्द आणि स्वतःची चाल असेल तर आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासदत्व घ्या. डिस्ट्रिब्युटर रेकॉर्डिंगचे पैसे आणतो. सार्वजनिक वापराबद्दल गीतकार-संगीतकाराला मिळणारी रॉयल्टी वेगळी असते.

ब्लॉगवर दोन ओळी आणि एक व्हिडिओ

‘आमचं नवीन गाणं आलंय, नक्की ऐका’ एवढीच पोस्ट असेल तर गूगलनं ती कुणाला दाखवायची? हे शब्द शोधणारं कुणीच नसतं. लोक गाण्याचे बोल शोधतात, अर्थ शोधतात, ‘सोलापुरात लग्नासाठी लाइव्ह बँड’ शोधतात. बोल फोटोत नको, मजकुरात टाका. गाण्यात ‘अक्षता’, ‘योगदंड’, ‘काठी’ असे यात्रेतले शब्द असतील तर प्रत्येकाचा अर्थ दोन-तीन ओळींत सांगा. बाहेरगावच्या श्रोत्याला ते माहीत नसतात आणि ते नीट सांगणारी माणसं आपणच आहोत. ‘नवीन गाणं’ या शीर्षकाऐवजी गाण्याचं नाव देऊन पुढं ‘बोल आणि अर्थ, सिद्धेश्वर यात्रेचं मराठी गाणं’ असं लिहा.

कार्यक्रमांसाठी वेगळं पान हवंच: किती कलाकार, किती वेळ, मंचावर किती माइक लागतात, अक्कलकोट-पंढरपूर-तुळजापूरपर्यंत येता का, आणि फोन नंबर. मागच्या वर्षीचा कार्यक्रम ‘आगामी’ म्हणून वरच राहिला असेल तर आज काढा.

पान गूगलवर दिसतच नसेल तर आधी वर्डप्रेसच्या सेटिंग्जमधलं रीडिंग उघडा. शोधयंत्रांना मज्जाव करणारी एक चौकट तिथं असते. साइट बनवताना तिच्यावर केलेली टिक काढायची बरेचदा राहून जाते. ती काढून गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये पानाची लिंक तपासा आणि इंडेक्सिंगची, म्हणजे पान गूगलच्या यादीत घेण्याची विनंती करा. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंकसोबत चित्र येत नसेल तर ते बहुधा फार जड असतं. १२०० बाय ६३० पिक्सेलचं, ३०० केबीच्या आतलं चित्र लावा.

व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो. हे ठाऊक नसल्यानं ‘दोनशे जणांना पाठवलं, कुणी ऐकलंच नाही’ अशी निराशा पदरी येते. हुतात्मा स्मृती मंदिरात कार्यक्रम झाला की शेवटच्या गाण्याआधी नंबर सेव्ह करायला सांगा, किंवा व्हॉट्सअ‍ॅप चॅनेलचा क्यूआर दारातच लावा. चॅनेलला नंबर सेव्ह करावा लागत नाही.

विकत घेतलेले स्ट्रीम

२०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या १२ महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम झालेल्या गाण्यालाच रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळते. तो आकडा गाठायला काही जण स्ट्रीम वाढवून देणारं पॅकेज विकत घेतात. कृपा करून घेऊ नका. खोटे स्ट्रीम मोजणीतून वगळले जातात, डिस्ट्रिब्युटरला दंड बसतो आणि मग तुमचं गाणंच उतरवलं जातं. तुम्ही काहीही न करता तुमचं गाणं खोटे स्ट्रीम पाडणाऱ्या प्लेलिस्टमध्ये ओढलं जाऊ शकतं, म्हणून आठवड्याला एकदा स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्समध्ये (कलाकारांना आपले आकडे दाखवणाऱ्या भागात) श्रोत्यांच्या शहरांची यादी पाहा. सोलापूर, पुणे, हैदराबाद दिसलं तर समजण्यासारखं आहे, आपली माणसं तिथं आहेत. पण ओळखीपाळखीचं नसलेलं परदेशातलं शहर अचानक वर आलं, स्ट्रीम हजारांत आणि सेव्ह दोन-चार, तर त्याच दिवशी प्लेलिस्टची लिंक, तारीख आणि स्क्रीनशॉट डिस्ट्रिब्युटरला मेल करा आणि त्या मेलची प्रत जपून ठेवा.