थायरोग्लोब्युलिन कमी आले, पण अँटीबॉडीचे काय?

पॅपिलरी थायरॉइड कर्करोगासाठी संपूर्ण ग्रंथी काढून रेडिओआयोडीन (उरलेल्या थायरॉइड पेशी नष्ट करणारे किरणोत्सारी आयोडीन) घेतल्यानंतरच्या तपासणीत माझे थायरोग्लोब्युलिन, म्हणजे थायरॉइड पेशीच बनवतात ते आणि कर्करोग उरला का हे सुचवणारे प्रथिन, ०.२ पेक्षा कमी आले, तर टीएसएच या थायरॉइडला चालना देणाऱ्या संप्रेरकासमोर ‘कमी’ अशी ठळक खूण होती. घरचे त्या खुणेनेच धास्तावले; वास्तविक उरल्यासुरल्या पेशींना चालना मिळू नये म्हणून टीएसएच मुद्दाम खाली ठेवले होते, हे छापील मर्यादेला कसे कळणार? मला खटकले ते निराळेच: अहवालात अँटी-थायरोग्लोब्युलिन अँटीबॉडीचा, म्हणजे थायरोग्लोब्युलिनलाच चिकटणाऱ्या प्रतिपिंडांचा, उल्लेखच नव्हता. या अँटीबॉडी रक्तात असल्या, तर नेहमीच्या इम्युनोअसे (प्रतिपिंडांच्या साहाय्याने मोजण्याच्या) पद्धतीत थायरोग्लोब्युलिन प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकते. तसे विचारताच डॉक्टरांनी दोन्ही चाचण्या एकाच नमुन्यावर लिहून दिल्या. अँटीबॉडी वाढलेल्या निघाल्या; म्हणजे थायरोग्लोब्युलिनच्या कमी आकड्यावर एकट्याने विसंबता येत नव्हते. मानेच्या सोनोग्राफीत काही आढळले नाही, आणि आता एकाच प्रयोगशाळेत, त्याच पद्धतीने अँटीबॉडीचा चढउतार पाहिला जातो.