जूनची शाळाखरेदी, खिसा सांभाळून

मे संपत आला की सोसायटीच्या ग्रुपवर एकच चालू, लिस्ट आली का लिस्ट आली का. येऊ दे की, पण दुकानात पळायच्या आधी मागच्या वर्षीचं दप्तर जमिनीवर उपडं करा. आमच्याकडे त्यातून सात पेन्सिली, चार खोडरबर आणि पाणी सुकलेली वॉटर बॅग निघाली, कंपासमधला कर्कटक मात्र गायब.

वह्या सगळ्या एकदम घेऊ नका. मी गेल्या वर्षी हौसेने दोन डझन डबल लाइन आणल्या आणि पहिल्याच आठवड्यात बाई म्हणाल्या, यंदा सगळं सिंगल लाइनमध्ये. आता त्यात मी दूधवाल्याचा हिशोब लिहिते, पाच वर्षं तरी पुरेल. म्हणून आधी चार-सहा घ्यायच्या, बाईंनी सांगितलं की मग डझनावारी, त्यासाठी क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रेहमान स्ट्रीट, सीएसएमटीहून चालत जाता येतं, दोघीतिघींनी मिळून जायचं म्हणजे डझन वाटून घेता येतं, आणि दुपारीच परत फिरायचं नाहीतर संध्याकाळच्या लोकलमध्ये वह्या डोक्यावर धरून उभं राहायचं. ब्राऊन पेपरचा रोल आणि लेबलंही तिथेच.

बिल नीट बघा हं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वही, पेन्सिल, खोडरबर, शार्पनरवर जीएसटी शून्य झालाय, कंपासवर १२ चा ५ टक्के. दप्तरावर मात्र १८ टक्के तसाच आहे.

त्यामुळे जुन्या दप्तराची चेनच गेली असेल तर चेनवाल्याकडून बदलून घ्या, सरळ हिशोब. नवीन घ्यायचंच तर कार्टून नको बघू, रिकामं उचलून बघा. भरलेलं दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांवर जाऊ नये असा नियम आहे, म्हणजे २५ किलोच्या पोराला अडीच किलो, आणि ती चाकांची दप्तरं रिकामीच एवढी जड की पुस्तकं घरीच ठेवावी लागतील.

युनिफॉर्मला खाली भरपूर दुमड ठेवायला सांगा. रेनकोट दुकानातच पाठीला दप्तर लावून घालून बघा, आमचा बटणंच लागेनात. बुटांचं शाळेत विचारा, पावसाळी सँडल चालत असतील तर काळे बूट गणपतीनंतर घ्या, तोवर पायाचा नंबर वाढलेलाच असतो.