नवीन कॉमेडी पॅनल शो बघितला, आता मत कसं द्यायचं?

पॅनल शो म्हणजे होस्ट आणि चार-पाच कॉमेडियन नावापुरता पॉइंटांचा खेळ खेळत गप्पा मारतात तो प्रकार. अशा नवीन शोचा पहिला एपिसोड संपला रे संपला की दोनच मतं ऐकू येतात, एकतर 'भंगार' नाहीतर 'जाम भारी'. दोन्हीमधून कुणालाच काही कळत नाही, ज्याने शो बघितला नाही त्याला बघावा की नाही ते कळत नाही आणि चॅनलवाल्यांना नेमकं काय बदलायचं तेही नाही. मी असले शो वर्षानुवर्षं बघतोय, जास्त करून ब्रिटिश, कारण हा प्रकार तिकडे अक्षरशः पोत्याने बनतो. त्यातून मत देण्याची जी पद्धत जमलीय ती सांगतो.

सगळ्यात आधी, पहिल्या एपिसोडवर निकाल लावायचा नाही. हे मी तोंडावर आपटून शिकलोय. एका शोचा पहिला भाग अर्धाच झाला होता, तेवढ्यात मित्रांच्या ग्रुपवर 'हा तीन आठवड्यात बंद पडणार, लिहून घ्या' असं ठोकून दिलं. पाचव्या भागाला त्याच शोवर पोट धरून हसत होतो आणि तेही ग्रुपवर सांगून बसलो, मग काय, एका मित्राने माझ्याच त्या मेसेजचा स्क्रीनशॉट काढून मला पाठवला, खाली एक शब्द नाही, नुसता स्क्रीनशॉट.

पॅनल शोला वेळ लागतो त्याचं कारण साधं आहे. इथे पात्रं नाहीत, गोष्ट नाही, जे काय आहे ते चार-पाच माणसांचं एकमेकांशी जमणं, आणि ते पहिल्या दिवशी जमत नाही. 'वुड आय लाय टू यू', म्हणजे समोरच्याचा किस्सा खरा की थाप ते ओळखायचा शो, २००७ ला सुरू झाला तेव्हा होस्ट अँगस डेटन होता, रॉब ब्रायडन आला २००९ मध्ये, तिसऱ्या सीझनला. आज त्या शोवर जीव टाकणाऱ्या कित्येकांना ब्रायडनच्या आधी कुणी होतं हेच माहीत नसतं. म्हणून निदान तीन भाग बघा. तीन बघूनही एकदासुद्धा मनापासून हसू आलं नाही तर मग बिनधास्त झोडा, तुमचा हक्क आहे.

आता मुख्य काम. 'आवडला नाही' म्हणजे नेमकं काय आवडलं नाही ते वेगळं काढायचं. पॅनल शोचे चार भाग धरा: फॉरमॅट, होस्ट, पॅनल आणि एडिटिंग. बहुतेक लोक शिव्या घालतात पॅनलला आणि चूक असते एडिटिंगची, कारण एडिटिंग दिसत नाही ना.

फॉरमॅट तपासायची माझी युक्ती अशी की पॉइंट काढून टाकले तर काय उरतं ते बघायचं. चांगल्या शोमध्ये पॉइंटना काडीची किंमत नसते पण नियमाला असते. 'क्यूआय' हा प्रश्नोत्तरांचा शो घ्या, २००३ पासून चालू आहे. त्यात सगळ्यांच्या तोंडावर असलेलं पण चुकीचं उत्तर दिलं की भोंगा वाजतो आणि पॉइंट कापले जातात, त्यामुळे कितीतरी वेळा शेवटी स्कोअर उणे असतो. कोण जिंकलं ते कुणाला आठवत नाही पण भोंगा वाजल्यावर कायम पॅनलवर असलेल्या अॅलन डेव्हिसचा पडलेला चेहरा आठवतो. म्हणजे नियमच जोकसाठी जागा तयार करून देतोय. नवीन शोमध्ये होस्टला नियम समजावून सांगायलाच पाच मिनिटं लागत असतील आणि त्या नियमामुळे एकही गंमत घडत नसेल तर तिथे पेन्सिलने खूण करा, कॉमेडियन बिचारे निर्दोष आहेत.

आणि फॉरमॅट चांगला असूनही शो पडू शकतो बरं का. 'टास्कमास्टर', ज्यात कॉमेडियनना चित्रविचित्र कामं (टास्क) देऊन पॉइंट देतात, ब्रिटनमध्ये २०१५ ला आला आणि अजून जोरात चालू आहे. तोच फॉरमॅट २०१८ मध्ये अमेरिकेत केला, ज्याच्या डोक्यातून तो निघाला तो अॅलेक्स हॉर्न स्वतः तिकडे सहाय्यक म्हणून बसला होता, तरी आठ भागांत खेळ खल्लास. मला विचाराल तर मुख्य गोची वेळेची होती. ब्रिटिश भाग जाहिराती धरून साधारण तासाभराचा, अमेरिकन अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये कोंबलेला, आणि त्या शोची खरी मजा टास्कमध्ये कमी आणि नंतर स्टुडिओत पॉइंटवरून जी हमरीतुमरी होते त्यात जास्त, नेमकी तीच कापली गेली. म्हणून मत देताना 'रटाळ' लिहिण्याआधी विचारा, की रटाळ आहे की घाईत आहे? दोन्हीचा औषधोपचार एकदम उलटा आहे.

एडिटिंग कसं पकडायचं? टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघा. खरंच. माणूस बोलतोय तेव्हा ग्लास अर्धा, कॅमेरा दुसऱ्याकडे गेला, तो हसला, परत आला तर ग्लास भरलेला. याचा अर्थ ते हसू या जोकवरचं नव्हतंच, भलत्याच वेळचं उचलून इथे चिकटवलंय. अर्ध्या तासाच्या भागासाठी स्टुडिओत कितीदा दोन-दोन तास शूटिंग चालतं, त्यामुळे कापाकापी होणारच, त्यात गैर काही नाही. पण शिवण दिसायला लागली की बघणाऱ्याला कारण कळत नाही, नुसतंच काहीतरी खोटं वाटत राहतं आणि मग तो म्हणतो 'यांच्यात केमिस्ट्रीच नाही'.

तसंच प्रेक्षकांच्या हशाचं. 'नकली हसू टाकलंय' हे सगळ्यात सोपं वाक्य आहे पण अशा शोमध्ये स्टुडिओत बहुतेक वेळा खरी माणसं बसलेली असतात, शूटिंगआधी त्यांना हसतं करायला वेगळा वॉर्म-अपवाला असतो, फक्त आवाज नंतर कमीजास्त होतो. हशा नसला तर काय होतं ते २०२० मध्ये दिसलं, लॉकडाऊनमध्ये 'हॅव आय गॉट न्यूज फॉर यू' हा बातम्यांवरचा शो सगळ्यांनी आपापल्या घरून केला. शो १९९० पासूनचा, दोन्ही टीमचे कॅप्टन इयान हिस्लॉप आणि पॉल मर्टन मुरलेले, पण जोक झाल्यावर नुसती शांतता, आणि आपल्यालाच अवघडल्यासारखं. म्हणून हशा जोकच्या मानाने जास्त वाटत असेल तर तसं लिहा, 'नकली' म्हणून मोकळे होऊ नका.

पॅनलबद्दल बोलायचं तर एक प्रयोग करा, एका राउंडला मोबाईलचा टायमर लावून कोण किती बोललं ते मोजा. बीबीसीने २०१४ मध्ये जाहीर केलं की फक्त पुरुषांचं पॅनल असलेले कॉमेडी शो यापुढे नकोत, तेव्हापासून बायकांना खुर्ची मिळते पण माईक मिळतोच असं नाही. एक बाई, चार पुरुष, आणि तिच्या वाट्याला आलेली वाक्यं कापून दोन, असा भाग बघून 'ती काही बोललीच नाही' म्हणणारे महाभाग असतात. कदाचित ती बोलली असेल, आपल्यापर्यंत आलं नाही. हेच नवीन पोरांचंही होतं, ज्याला प्रेक्षक ओळखत नाहीत त्याचा जोक आधी कापला जातो.

होस्टचं थोडक्यात: चांगला होस्ट स्वतः कमी जोक मारतो आणि दुसऱ्यांना जास्त हसवू देतो. प्रत्येक जोकवर स्वतःचा जोक चढवणारा होस्ट असेल तर पहिला भाग भारी वाटतो आणि चौथ्या भागाला डोकं उठतं.

किती जणांनी बघितलं त्या आकड्यांवर जाऊ नका. त्या रात्री बघणारे कमी निघाले म्हणून शो पडला असं नसतं, नंतर आठवडाभरात रेकॉर्ड करून किंवा ऑनलाइन बघणारे धरले की चित्र बदलू शकतं. किती जणांनी बघितलं आणि बघणाऱ्यांना किती आवडलं या तर दोन वेगळ्याच गोष्टी आहेत. बीबीसी यासाठी प्रेक्षकांकडून दहापैकी गुण घेऊन शंभरातला आकडा काढायची, कमी लोकांनी बघितलेल्या शोलाही तिथे चांगले गुण पडू शकतात.

बारा सेकंदांची क्लिप बघून भडकणं हा वेगळाच विषय. एखादा जोक टोचला तर जरूर बोला पण आधीचं एक मिनिट आणि नंतरचं अर्धं मिनिट बघून, कारण बऱ्याचदा त्याच माणसाला पुढच्या वाक्यात शेजारच्याने धुतलेलं असतं.

मग लिहायचं कसं? 'होस्ट बोअर' असं नाही, तर 'होस्ट दुसऱ्या राउंडला तीनदा मध्ये बोलला आणि तिन्ही वेळा समोरच्याचा किस्सा अर्धा राहिला' असं. 'फालतू राउंड' असं नाही, तर 'फोटो ओळखायच्या राउंडला उत्तर आलं की पुढे कुणाला बोलायलाच काही उरत नाही'. कुठल्या भागाबद्दल बोलताय ते सांगा, एक चांगली गोष्टही सांगा, खरी असेल तरच, उगाच गोड बोलायला नको. आणि जोक पूर्ण टाइप करत बसू नका, पॅनल शोचा जोक कागदावर मेलेला असतो, वर ज्यांनी बघितला नाही त्यांचाही विचका.

परवा एक नवीन शो लागला, दोन भाग झालेत, मला आवडलेला नाही. ग्रुपवर अजून काहीच टाकलं नाहीये. स्क्रीनशॉटवाला मित्र रोज विचारतोय, काय रे, किती आठवडे देतोस?