नडगीच्या फ्रॅक्चरला ब्लॉक देण्याआधी

बाईकवरून पडलेला पंचविशीतला मुलगा, नडगीचं हाड मधोमध मोडलेलं, सकाळी नेलिंग (हाडात सळई घालायचं ऑपरेशन), आणि वेदनेसाठी ब्लॉक, म्हणजे नसेजवळ औषध टोचून पाय बधिर करणं. कंपार्टमेंट सिंड्रोमची, म्हणजे स्नायूंच्या बंदिस्त कप्प्यात दाब वाढून रक्तपुरवठा तुटण्याची, धास्ती सर्वांत जास्त अशाच पायात, आणि त्याची कळ ब्लॉकमुळे झाकली जाऊ शकते. म्हणून आदल्या रात्रीच ऑर्थोच्या डॉक्टरांसोबत पाय बघून या: पोटरी टणक लागते का, पाय चिरडलाय का, रक्त पातळ करणारं औषध चालू आहे का. त्यांना आत्ताच शंका असेल तर ब्लॉकचा विषय तिथेच संपला.

शंका नसेल तर बोटांची हालचाल आणि अंगठ्याशेजारच्या बेचक्यातली संवेदना तपासून वेळेसकट केसपेपरवर लिहा. डायस्टोलिक बीपीही आत्ताच नोंदवा, भूल दिल्यावर ते खाली येतं. रुग्णाला आणि नातेवाइकांना साध्या शब्दांत सांगा की पाय बधिर असूनही आत ठणका वाढला तर सोसत बसायचं नाही, हाक मारायची. फॅशिओटॉमीची (दाब मोकळा करायला स्नायूंवरचं आवरण कापण्याची) संमतीही याच वेळी घ्या. मध्यरात्री सही करणारा माणूस सापडत नाही.

ब्लॉकचं बधिर करणारं औषध पातळ ठेवा. रोपिव्हॅकेन ०.२ टक्के किंवा कमी, बुपिव्हॅकेन ०.१२५च्या आसपास. ऑपरेशन संपल्यावरही तासन्‌तास टिकणारा दाट ब्लॉक नको, आणि तो लांबवायला वर आणखी काही मिसळणं तर नकोच. पातळ ब्लॉकमधून इस्केमियाची (रक्तपुरवठा तुटल्याची) कळ सहसा फुटून वर येते, आणि तीच आपल्याला हवी आहे.

खरी तयारी वॉर्डची. रात्री दर तासाला पाय कोण बघणार, त्याचं नाव लिहून ठेवा. सिस्टरांना सांगा: बोटं ताणल्यावर कळ, पेनकिलरची वाढती मागणी, चांगला चाललेला ब्लॉक अचानक अपुरा पडणं, यातलं काहीही दिसलं तर फोन करा, डोस वाढवू नका. ‘पल्स लागतेय’ हे उत्तर स्वीकारू नका, ती शेवटपर्यंत लागत राहते. पाय हृदयाच्या पातळीवर, उशांचा ढीग नको. प्लास्टर असेल तर कटर जवळ, आणि कापताना आतला कापूसही कापायचा.

कंपार्टमेंटमधला दाब मोजायचं यंत्र नसेल तर आर्टेरियल लाइनचा ट्रान्सड्यूसर (धमनीतलं बीपी मोजणारा सेन्सर) आणि सुई तयार ठेवा. उदाहरणार्थ, डायस्टोलिक बीपी ७० आणि कंपार्टमेंटचा दाब ४५, म्हणजे फरक २५. फरक ३०च्या खाली राहिला की ओटीला (ऑपरेशन थिएटरला) कळवा. सहा तासांत स्नायू मरू लागतात, आणि ते तास फोन लागल्यापासून मोजायचे नसतात.