समलिंगी इव्हेंटवाल्यांनी कामाची माणसं कशी जोडावीत

माझ्या फोनमध्ये १४०० नंबर आहेत. त्यातल्या ११ जणांच्या जिवावर माझा धंदा चालतो.

हा हिशोब मला एका लग्नाने शिकवला. दोघी मुली, दीडशे पाहुणे, संध्याकाळी सातची वेळ. दुपारी साडेतीनला साउंडवाल्याने बॅकड्रॉपवरची दोन्ही नावं नीट वाचली, लावलेले स्पीकर उतरवले, पुन्हा टेम्पोत भरले आणि निघून गेला. फोन केला तर म्हणाला, "आधी सांगायचं होतं." मग मी ज्याला फोन लावला तो याच कामातला माझा स्पर्धक. तो गे आहे एवढं मला ठाऊक होतं, पण तोवर आमचं बोलणं झालेलं दोनदाच. त्याने काय झालं ते विचारलं नाही, हळहळलाही नाही. त्याचे प्रश्न दोनच होते: "चॅनेल किती? कॉर्डलेस माईक किती?" पाच वाजता त्याचा माणूस मिक्सर घेऊन गेटवर उभा होता.

तेव्हापासून १७ वर्षं मी ही माणसं जोडते आहे. कशी जोडते ते सांगते. भेटीगाठींच्या संध्याकाळी, छातीवर नावाचा स्टिकर, कार्डांची देवाणघेवाण हे सगळं मीही केलं. त्यातून कार्डं जमली.

आधी कागद घ्या

यादी माणसांची करू नका, कामांची करा. तुमचा कार्यक्रम कुठे कुठे मोडू शकतो ते लिहा: वीज, साउंड, लाइट, अँकर, फोटो, गाड्या, सिक्युरिटी, गेटवर आणि रस्त्याच्या कडेला उभी राहणारी पोरं. ही शेवटची ओळ सगळेच विसरतात. कॅनडातल्या मॉन्ट्रियलची २०२२ची प्राइड परेड, म्हणजे आपल्या लोकांचा दरवर्षीचा मोर्चा, ७ ऑगस्टला, निघायला काही तास उरले असताना रद्द झाली. मार्गावर बंदोबस्ताला जेवढी माणसं लागतात तेवढी नेमलेलीच नव्हती. इतका जुना, इतका मोठा कार्यक्रम, आणि अडला कुठे तर जॅकेट घालून दोरीपाशी उभं राहणाऱ्या माणसांपाशी.

प्रत्येक कामापुढे दोन नावं हवीत, एक नेहमीचं आणि एक अडीनडीचं. नावापुढे तीन रकाने: शेवटचं एकत्र काम कधी केलं, याच्याबद्दल शब्द कोणी दिला, आणि आमच्या लोकांशी कसा वागतो. पहिल्या दिवशी अर्धे रकाने रिकामे राहतील. ते भरायचे, एवढंच पुढचं काम आहे.

तिसरा रकाना कसा भरायचा? मी पहिल्याच फोनवर सांगते, "लग्न दोन मुलांचं आहे," आणि गप्प बसते. समोरच्याचं पुढचं वाक्य ऐकते. एक फोटोग्राफर लगेच म्हणाला, "मग एंट्रीला दोन कॅमेरे लागतील, दोघं दोन दारांनी येणार का?" त्याचं नाव त्याच मिनिटाला यादीत गेलं. दुसरा म्हणाला, "आम्हाला काही प्रॉब्लेम नाही, आम्ही खूप ओपन आहोत." त्याला मी अजून बोलावलेलं नाही. ज्याला प्रॉब्लेम नसतो तो कामाचं विचारतो. त्या साउंडवाल्याचं "आधी सांगायचं होतं" हे वाक्य, खरं सांगू, त्या दिवशी संतापजनक असलं तरी धंद्याच्या दृष्टीने बरोबर होतं. गळणारा माणूस महिनाभर आधी गळावा, साडेतीन तास आधी नाही.

माझ्या त्या ११ जणांत आमच्यातले पाचच आहेत. उरलेले सहा स्ट्रेट आहेत आणि तिसऱ्या रकान्यातून पास झालेले आहेत. फक्त आपल्याच लोकांत काम करायचं म्हटलं तर भर कार्यक्रमात जनरेटरवाला कुठून आणणार?

तीन माणसांपासून सुरू करा

पन्नास जणांचा ग्रुप काढायचा मोह आवरा. आपल्या या क्षेत्राची सुरुवातच कशी झाली बघा. नोव्हेंबर १९६९मध्ये फिलाडेल्फियाच्या एका बैठकीत ठराव झाला की न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल या गे बारवर पोलिसांची धाड पडल्यावर झालेल्या उठावाची आठवण म्हणून दर जूनमध्ये मोर्चा काढायचा. पुढच्या जानेवारीपासून न्यूयॉर्कमध्ये गे कार्यकर्ते क्रेग रॉडवेल यांच्या घरी मूठभर लोक तयारीला बसू लागले. पैसे उभे करायला हाताशी काय होतं? रॉडवेल यांच्या पुस्तकाच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या पत्त्यांची यादी. वार रविवार ठरवला, कारण त्या दिवशी जास्त लोक येतील. २८ जून १९७०ला मोर्चा निघाला आणि परवान्याचा कागद हातात पडला तो निघायच्या जेमतेम दोन तास आधी. परवान्याची वाट बघत घड्याळाकडे बघणं आम्हाला वारशातच मिळालंय, असं मी माझ्या मदतनिसांना सांगते.

तर तीन माणसं. तिघांची कामं वेगळी हवीत. तुम्ही लग्नं करत असाल तर एक कॉन्फरन्सवाला, एक स्टेज आणि लाइटवाली, एक प्रवासाची व्यवस्था बघणारा. सारखंच काम करणारे तिघं जमले की पहिले दोन महिने छान जातात आणि मग एकच क्लायंट तिघांना फोन करतो.

आणि ओळख वाढवायची ती कामावर. माझ्या मते सगळ्यात चांगला मार्ग हा: एकमेकांच्या कार्यक्रमाला अर्धा दिवस फुकट उभं राहायचं. तुम्ही त्याच्या लोड-इनला, म्हणजे सामान उतरवून लावायच्या वेळी, जा, तो तुमच्या साउंड चेकला येईल. माणूस गप्पांत कळत नाही. लाइट टांगायच्या सांगाड्याचा, ट्रसचा, ट्रक दीड तास उशिरा आला की कळतो. मी एका फार गोड बोलणाऱ्या माणसाला त्या दीड तासात हमालांवर ओरडताना पाहिलं आणि एका तुसड्या बाईला रनशीटवर, कार्यक्रमाच्या वेळापत्रकाच्या कागदावर, शांतपणे नव्या वेळा लिहिताना पाहिलं. ती बाई आज ११ जणांत आहे. अजूनही तुसडीच आहे.

कोण कोणाला किती माहीत आहे

इथे थोडं थांबते, कारण इथेच आपलं जाळं इतर धंदेवाल्यांच्या जाळ्यापेक्षा वेगळं असतं.

आपल्यातला प्रत्येक जण उघडपणे वावरत नाही. कोणी घरी सांगितलंय पण ऑफिसात नाही. कोणी क्लायंटला सांगितलंय पण भावाला नाही. मी सुरुवातीला हे हलक्यात घेतलं. एका कार्यक्रमानंतर आठ-दहा जण उभे होतो, मी एका लाइट डिझायनरची ओळख करून दिली, "ही आपल्यातलीच." त्या आठ-दहा जणांत तिच्या नेहमीच्या कंपनीचा माणूस होता. ती काही बोलली नाही. पुढची दोन वर्षं तिने माझा फोन उचलला नाही, आणि बरोबर केलं.

त्यानंतर मी दोन याद्या केल्या. पहिली उघडी: काम, नाव, नंबर, कोणालाही द्यावी अशी. तिच्यात कोण गे, कोण लेस्बियन याचा उल्लेखच नाही. दुसरी माझ्या डोक्यात. ती लिहायची नाही, पाठवायची नाही. कोणाचा नंबर पुढे देण्याआधी त्या माणसाला विचारायचं, आणि ओळख करून देताना कामाचं नाव घ्यायचं: लाइट डिझायनर, बस. बाकीचं तिला वाटलं तर ती सांगेल.

ग्रुप केलाच तर पहिल्याच दिवशी काही गोष्टी बोलून घ्या. इथलं काही बाहेर पाठवायचं नाही. क्लायंटचं नाव लिहायचं नाही. "२० तारखेचं लग्न" म्हटलं की पुरतं. कार्यक्रमाच्या फोटोत सहकाऱ्यांना टॅग करायचं नाही. नवा माणूस आणायचा तर आत असलेल्या दोघांनी त्याच्यासाठी शब्द द्यायचा. कोणी म्हणेल एवढी लपवाछपवी कशाला. त्याच्यावर ती वेळ आलेली नसते म्हणून.

बायकांबद्दल एक गोष्ट. मिश्र गटात कामं आपोआप वाटली जातात. पुरुष क्लायंटशी बोलतात, बायका यादी सांभाळतात, बैठकीचे मुद्दे लिहितात, सगळ्यांना आठवण करतात. आमच्या गटातही पहिलं वर्षभर हेच चाललं, आणि मोठ्या पैशाची कामं अर्थातच क्लायंटशी बोलणाऱ्यांकडे गेली. आता मुद्दे लिहायची पाळी फिरते आणि क्लायंटसमोर जाताना जोडीत एक बाई असते. भांडण झालं का? झालं. एक जण गट सोडून गेला.

काम द्या, मग मागा

तारीख आदळली की आपण क्लायंटला "त्या दिवशी जमणार नाही" सांगून मोकळे होतो. तसं न करता नाव द्या, स्वतः फोन करून द्या आणि आधीची सगळी टिपणं सोबत द्या. मी पहिल्या वर्षी चार कामं अशी दिली, परत एकच आलं. तिसऱ्या वर्षी हिशोब उलटला.

मात्र दोन गोष्टी आधी लिहून ठेवा: कमिशन घ्यायचं की नाही, घ्यायचं तर किती टक्के, आणि तो क्लायंट पुढच्या वेळी कोणाचा. मी कमिशन घेत नाही. घेणाऱ्यांना नावं ठेवत नाही, पण टक्केवारी तोंडी ठरली की मैत्री आणि पैसा दोन्ही जातात. क्लायंटच्या बाबतीत आमचा नियम असा की पुढच्या वेळी क्लायंट ज्याला फोन करेल त्याचा तो, आणि ज्याला फोन आला त्याने दुसऱ्याला कळवायचं.

सामायिक करायची सगळ्यात मोलाची गोष्ट नंबर नाहीच. ती आहे करारातली कलमं. मार्च २०१६मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याने समलिंगी आणि ट्रान्सजेंडर लोकांची स्थानिक संरक्षणं काढून घेणारा कायदा केला, आणि एनबीए या बास्केटबॉल लीगने फेब्रुवारी २०१७चा ऑल-स्टार सामना त्याच राज्यातल्या शार्लटहून न्यू ऑर्लिन्सला हलवला. एनबीए एवढी मोठी, तिला परवडलं. आपण जागेचा अॅडव्हान्स भरून बसलेले असतो. म्हणून आमच्या गटाने एक कलम वकिलाकडून एकदाच लिहून घेतलं: भेदभाव करणारा कायदा आला किंवा जागेच्या कर्मचाऱ्यांनी पाहुण्यांशी भेदभाव केला तर दंडाशिवाय करार मोडता येईल. वकिलाची फी आठ जणांत वाटली. आता ते कलम आम्ही सगळेच वापरतो, आणि जागेच्या मालकाला ते वाचून दाखवताना त्याचा चेहरा बघितला की तिसरा रकानाही भरून निघतो.

मोठ्या संस्था

तुमची तीन माणसं पक्की झाल्याशिवाय कुठल्याही संस्थेची वर्गणी भरू नका. पण काय कशासाठी आहे ते माहीत असू द्या. प्राइड भरवणाऱ्यांची जागतिक संघटना म्हणजे इंटरप्राइड, १९८२पासूनची. वर्ल्डप्राइड हा जागतिक प्राइड सोहळा कुठे होणार ते तिचे सदस्य मतदानाने ठरवतात. युरोपात युरोप्राइड आहे, पहिला १९९२मध्ये लंडनला झाला. प्रवास आणि हॉटेलांच्या बाजूला आयजीएलटीए ही आपल्या पर्यटनाची आंतरराष्ट्रीय संघटना, १९८३ची. अमेरिकेत एनजीएलसीसी ही आपल्या उद्योजकांची व्यापारी संघटना २००२पासून आहे. निदान ५१ टक्के मालकी आपल्या लोकांची असलेल्या उद्योगांना ती प्रमाणपत्र देते, आणि मोठ्या कंपन्यांच्या खरेदी विभागात त्याचा उपयोग होतो. कॉन्फरन्स करणाऱ्यांनी सीएमपी या सभा-परिषदांच्या आयोजकांसाठीच्या परीक्षेचा विचार करावा. पदवीपेक्षा अभ्यासाला सोबत बसलेली चार माणसं जास्त टिकतात.

अशा संस्थांत शिरायचं ते स्वयंसेवक म्हणून. नोंदणीच्या टेबलावर बसा: प्रत्येक माणूस तुमच्यासमोरून जातो आणि स्वतःचं नाव स्वतःच सांगतो.

मोठं नाव दिसलं म्हणून मात्र भुलू नका. मे २०१७मध्ये मायामीच्या वर्ल्ड आउटगेम्समधल्या, म्हणजे आपल्या लोकांच्या जागतिक क्रीडामेळाव्यातल्या, बहुतेक स्पर्धा उद्घाटनाच्याच दिवशी रद्द झाल्या, खेळाडू गावात पोचलेले असताना. कोणी भागीदारीसाठी विचारलं तर मी दोनच गोष्टी विचारते: बँकेच्या खात्यावर सही कोणाची, आणि कोणत्या व्हेंडरला अॅडव्हान्स पोचलाय. मग त्या व्हेंडरला फोन करते.

वर्षातून एकदा

जानेवारीत कामं कमी असली की मी एक अख्खा दिवस कागद घेऊन बसते आणि प्रत्येक नावाला फोन करते. काम मागायला नाही. नंबर चालू आहे का, जनरेटर अजून तोच आहे का, सोबतची पोरं बदलली का, एवढं विचारायला. दोन वर्षं एकत्र काम झालं नसेल तर नाव खाली सरकतं. ती लाइट डिझायनर अशाच एका जानेवारीत फोनवर आली. मी माफी मागितली. ती म्हणाली, "मार्चमध्ये काय आहे?"

त्या साउंडवाल्याचं नाव मी खोडलेलं नाही. खोडलं तर गटातलं कोणीतरी नवीन म्हणून पुन्हा त्यालाच बोलावेल. त्याच्यापुढे तारीख आहे आणि एवढंच लिहिलंय: "लावलेला सेटअप काढून निघून गेला." विशेषण एकही नाही. यादी कधी ना कधी चुकीच्या हातात जातेच, आणि तेव्हा तिच्यात फक्त घडलेलं असलेलं बरं.