दुकानासाठी सॉफ्टवेअर लिहिताय? नोंदी गमावणाऱ्या या चुका टाळा

अमळनेरच्या एका कृषी सेवा केंद्रासाठी मी बिल आणि उधारीचं डेस्कटॉप सॉफ्टवेअर केलं होतं. जूनचा दुसरा आठवडा, पाऊस पडून गेलेला, कापसाच्या बियाण्यासाठी दुकानापुढे रांग. नेमकी तेव्हाच त्यांच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली. दुकानदार रोज रात्री डेटाबेसची फाइल पेनड्राइव्हवर कॉपी करत, तसं मीच त्यांना शिकवलं होतं, म्हणून मी निर्धास्त होतो. नवी डिस्क बसवली, फाइल जागेवर ठेवली आणि अर्ध्या तासात फोन आला: "भाऊ, कालन्या पावत्या कोठे गयात?"

पेनड्राइव्हवरची फाइल धडधाकट होती. शेवटच्या दीड दिवसाच्या पावत्या मात्र तिच्यात आल्याच नव्हत्या.

डेटाबेस एसक्यूलाइटचा (प्रोग्रॅमसोबतच चालणारा, फाइलमध्ये डेटा ठेवणारा छोटा डेटाबेस) होता आणि वेगासाठी मी त्याचा 'वॉल' (राइट-अहेड लॉग) मोड चालू केला होता. या मोडमध्ये नवी नोंद आधी शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये जाते. तिथे साधारण 1000 पानं (डेटाबेसचे ठरावीक मापाचे तुकडे) साठली की ती मुख्य फाइलमध्ये उतरवली जातात. एक पान 4096 बाइटचं, म्हणजे जवळपास 4 एमबी. एका पावतीनं पाच-सहा पानं बदलतात असं धरलं, तर दीडशे-दोनशे पावत्या शेजारच्या फाइलमध्येच राहू शकतात. प्रोग्रॅम नीट बंद केला तर त्या मुख्य फाइलमध्ये जातात, पण दुकानात प्रोग्रॅम बंद कोण करतं? मॉनिटरचं बटण दाबायचं, शटर ओढायचं. आम्ही कॉपी करत होतो ती फक्त मुख्य फाइल. पावत्यांच्या दुकानाकडच्या प्रती जपून ठेवलेल्या होत्या, म्हणून दोन रात्री बसून सगळ्या पावत्या पुन्हा भरता आल्या.

म्हणून चालू डेटाबेसची फाइल हातानं कॉपी करायला कुणालाही सांगू नका. प्रोग्रॅममध्येच 'बॅकअप घ्या' असं बटण द्या आणि त्यामागे एसक्यूलाइटची स्वतःची बॅकअप सोय किंवा 'व्हॅक्यूम इन्टू' ही आज्ञा वापरा. फाइलच्या नावात तारीख घाला, म्हणजे आजची कॉपी कालच्या कॉपीवर बसणार नाही. सगळ्यात महत्त्वाचं, तयार झालेली कॉपी प्रोग्रॅमनंच उघडून तपासावी आणि तिच्यातल्या शेवटच्या पावतीचा नंबर मोठ्या अक्षरात दाखवावा. दुकानदार तो नंबर हातातल्या पावतीशी लगेच ताडून पाहतो.

आमच्याकडे वारा सुटला तरी लाइट जाते, आणि इन्व्हर्टर असला तरी बदलाच्या क्षणी जुना कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. वेग वाढवायला बरेच जण एसक्यूलाइटची 'सिंक्रोनस' सेटिंग (नोंद डिस्कवर पक्की पोहोचेपर्यंत थांबायचं की नाही, हे ठरवणारी) 'फुल'वरून 'नॉर्मल' करतात. वॉल मोडमध्ये त्यानं डेटाबेस बिघडत नाही, पण लाइट गेली की शेवटच्या काही नोंदी जाऊ शकतात. पैशाच्या नोंदींसाठी 'फुल'च ठेवा. आपल्या प्रोग्रॅमच्या सेटिंग ज्या फाइलमध्ये असतात, तिच्यावरही थेट लिहू नका. नव्या नावानं पूर्ण फाइल लिहा, डिस्कवर पोहोचू द्या, मग नाव बदला. नाहीतर लिहिताना लाइट गेली तर सकाळी शून्य बाइटची फाइल हाती येऊ शकते.

दुसरी चूक मला कळायला सहा महिने लागले. गावानुसार उधारीच्या यादीत 'कुऱ्हे' हे गाव दोनदा येत होतं आणि निम्मी उधारी एकाखाली, निम्मी दुसऱ्याखाली. पडद्यावर दोन्ही नावं अगदी सारखी. आत पाहिलं तर एकात 6 चिन्हं, दुसऱ्यात 7. एकात सरळ 'ऱ' आणि हलन्त होता, तर दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह. कीबोर्ड बदलला की हे होतं. मालक एका कीबोर्डवर टाइप करत, त्यांचा मुलगा दुसऱ्या. 'ॲग्रो'मधल्या 'ॲ'चंही तसंच, तोही एकाहून जास्त तऱ्हांनी लिहिला जातो. युनिकोडचं 'एनएफसी' नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका ठरावीक रूपात आणणं) करा, पण तेवढ्यानं हे जोडचिन्हवालं रूप बदलत नाही. ते स्वतः शोधून 'ऱ' अधिक हलन्त असं बदलावं लागतं, साठवताना आणि शोधतानाही. मराठी नावं भरणारं कुठलंही सॉफ्टवेअर यात अडकू शकतं आणि इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये याचा उल्लेख मला सापडला नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिलं.

रक्कम दशांशात साठवू नका. बहुतेक भाषांमध्ये 0.1 दहा वेळा मिळवलं की 1 येत नाही, 0.9999999999999999 येतं. सगळे हिशेब पैशांत, पूर्णांकात ठेवा आणि रुपये फक्त दाखवताना करा.

सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) देत असाल तर ती यूटीएफ-8 या युनिकोड पद्धतीत, सुरुवातीला बीओएम (ही पद्धत ओळखू येण्यासाठीची खूण) घालून द्या. त्याशिवाय एक्सेलमध्ये मराठीचा बहुधा चिखल होतो. बँक खात्याचा नंबर 15 अंकांहून मोठा असला तर एक्सेल पंधराव्यानंतरच्या अंकांचे शून्य करतं. अशा वेळी सरळ एक्सेलचीच फाइल बनवा आणि तो रकाना मजकूर म्हणून ठेवा.

डेटा 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये ठेवू नका, तिथे साध्या वापरकर्त्याला लिहिण्याची परवानगी नसते. विंडोजच्या वापरकर्त्याचं नाव 'आई' किंवा 'दुकान' असं देवनागरीत ठेवूनही एकदा प्रोग्रॅम चालवून बघा.

आणि सेटअप अडला म्हणून "अँटीव्हायरस बंद करा" असं फोनवर कधीही सांगू नका. तो पुन्हा चालू करायचं बहुधा राहूनच जातं, आणि त्याच मशीनवर दुकानाची नेट बँकिंग चालते. आपली फाइल चुकून पकडली जात असेल तर ती त्या अँटीव्हायरसच्या कंपनीकडे तपासणीसाठी पाठवा. सेटअपवर डिजिटल सही करा, आणि त्या सहीवर वेळेचा शिक्का घ्यायला विसरू नका. शिक्का नसेल तर प्रमाणपत्राची मुदत संपली की जुन्या सेटअपची सहीही अवैध ठरते.

मी आता हंगामाआधी, मे महिन्यातच दुकानात जातो. चाचणीच्या डेटाबेसवर पाठोपाठ वीस पावत्या भरतो, एकविसावी सेव्ह करताना भिंतीतला प्लग ओढतो. कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला की दुकानदारालाच पावत्या मोजायला सांगतो. वीसच्या वीस दिसल्या पाहिजेत, आणि एकविसावी एकतर पूर्ण असावी, नाहीतर अजिबात नसावी.