फ्रेम ग्रॅबर शिकताय? मग आधी ट्रिगर आणि एन्कोडरच्या वायरी समजून घ्या

सोलापुरात डिप्लोमा नाहीतर इंजिनिअरिंग करून मशीन व्हिजनमध्ये (कॅमेरा आणि कॉम्प्युटरने माल तपासण्याच्या कामात) यायचंय म्हणणारी पोरं मला भेटतात, बहुतेकांनी पायथन, ओपनसीव्ही केलेलं असतं आणि ते चांगलंच आहे, पण साईटवर गेलं की सुरुवातीचं सगळं काम फ्रेम ग्रॅबर कार्डाच्या (कॅमेऱ्याची इमेज कॉम्प्युटरमध्ये घेणाऱ्या कार्डाच्या) त्या छोट्या आय-ओ, म्हणजे इनपुट-आउटपुट कनेक्टरवरच असतं आणि तिथे कोणाचाच हात बसलेला नसतो.

आपलं टॉवेल-चादरीचं गाव, म्हणून उदाहरण तेच घेतो. कापड तपासायला लाइन स्कॅन कॅमेरा लावतात, तो एका वेळी एकच ओळ टिपतो आणि कापड खालून सरकत राहतं. पुढची ओळ कधी टिपायची हे ठरवायचं कुणी? कार्डाच्या आतल्या क्लॉकवर सोडलं तर कापड हळू झालं की इमेज लांबट होते, गोल भोक लंबगोल दिसतं, मग अल्गोरिदम कितीही भारी असू दे. म्हणून रोलरला एन्कोडर लावायचा, तो चाक फिरेल तसे ए आणि बी अशा दोन चॅनेलवर पल्स देतो. समजा चाकाचा घेर २०० मिमी आणि एन्कोडर एका फेरीला ५०० पल्सचा, तर ए आणि बी दोन्हीच्या सगळ्या एज (पल्स चढण्या-उतरण्याच्या जागा) मोजल्या की एका फेरीत २००० काउंट, म्हणजे एक काउंट ०.१ मिमी. कॅमेऱ्याचे ४०९६ पिक्सेल साधारण १६४० मिमी पन्ह्यावर पसरले तर एक पिक्सेल ०.४ मिमी, मग कार्डात डिव्हायडर ४ टाकला, म्हणजे दर चार काउंटला एक ओळ, की पिक्सेल चौकोनी. हे गणित वहीत स्वतः करून बघा, इंटरव्ह्यूत हेच विचारलं जावं असं मला मनापासून वाटतं.

बी चॅनेल कशाला असं विचारतात. माणूस फॉल्ट बघायला कापड मागे घेतो ना, तेव्हा फक्त ए जोडलेला असेल तर कार्डाला ते पुढेच चाललंय असं वाटतं आणि तोच भाग परत इमेजमध्ये येतो. ए-बीमध्ये ९० अंशांचा फरक असतो, त्यावरून दिशा कळते.

एन्कोडर देतो तो लाइन ट्रिगर. टॉवेलचा पीस सुरू झाला हे फोटो सेन्सर सांगतो, तो फ्रेम ट्रिगर. हे दोन वेगळे आहेत, घोळ करू नका. कॅमेरा लिंक या कॅमेरा-कार्ड जोडणीच्या स्टँडर्डमध्ये कार्डाकडून कॅमेऱ्याकडे सीसी१ ते सीसी४ अशा चार कंट्रोल लाइन जातात, कार्डात सीसी१ आणि कॅमेऱ्यात सीसी२ सेट असेल तर कॅमेरा नुसता वाट बघत बसतो आणि स्क्रीनवर टाइमआउट. उलट बाजूने येतात ते एफव्हॅल, एलव्हॅल, डीव्हॅल, म्हणजे फ्रेम, लाइन आणि डेटा खरा कधी आहे ते.

आता व्होल्टेज. पीएलसीकडचे (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरकडचे) सेन्सर २४ व्होल्टचे, कार्डाच्या इनपुट मात्र काही टीटीएल ५ व्होल्ट, काही ऑप्टो-आयसोलेटेड (सिग्नल प्रकाशातून नेऊन विजेने वेगळ्या ठेवलेल्या), काही आरएस-४२२ (दोन वायरींच्या जोडीवर सिग्नल घेणाऱ्या). टीटीएल पिनवर थेट २४ दिले की कार्ड गेलंच समजा, त्यामुळे मॅन्युअलमधलं पिनआउट वाचल्याशिवाय वायर लावूच नका. शिवाय शेजारी मोटरी, व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह) चालू असतात, तिथे सिंगल वायरवर खोटे पल्स येतात, म्हणून लांब अंतराला डिफरन्शियल आउटपुटचाच (एकच सिग्नल दोन वायरींवर एकमेकांच्या उलट देणारा) एन्कोडर, ट्विस्टेड शील्डेड केबल, आणि कार्डात इनपुट फिल्टर चालू.

घरी कार्ड नसलं तरी चालेल, साधा एन्कोडर आणि अर्डुइनो घ्या, कॉलेजच्या लॅबमध्ये ऑसिलोस्कोपवर ए आणि बी एकत्र लावा आणि चाक हाताने पुढे-मागे फिरवून कोणती एज आधी येते ते बघा.